बोस्टनचे फेनवे पार्क : जुन्या वास्तूचे मोल

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बोस्टन शहरी जाणारा प्रवासी स्वातंत्र्ययुद्धाच्या खुणा पाहतो, बंदरावर फेरफटका मारतो आणि चार्ल्स नदी ओलांडून हार्वर्ड विद्यापीठाचे दर्शन घेतो. एप्रिल ते सप्टेंबर या काळात मात्र तेथील यजमान त्याला आणखी एका ठिकाणी जाण्याचा हमखास आग्रह करतात. ते ठिकाण म्हणजे 'बोस्टन रेड सॉक्स' या बेसबॉल संघाचे घरचे मैदान, फेनवे पार्क. २० एप्रिल १९१२ रोजी येथे पहिला अधिकृत सामना झाला. 'टायटॅनिक' बुडाल्याला तेव्हा पाच दिवस झाले होते. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये आज वापरात असलेल्या मैदानांत हे सर्वांत जुने होय.

भुयारी रेल्वेच्या केनमोर स्थानकावर उतरलेल्या पाहुण्याला वाट विचारावी लागत नाही. लाल-निळ्या टोप्या घातलेला लोंढाच त्याला मैदानापर्यंत नेतो. सामन्याच्या दिवशी मैदानालगतचा जर्सी स्ट्रीट वाहनांना बंद असतो आणि त्याला जत्रेचे रूप येते. भाजलेले शेंगदाणे, पावात घातलेले सॉसेज आणि तव्यावर परतल्या जाणाऱ्या कांद्याचा वास यांतून वाट काढीत माणसे आत शिरतात. विटांच्या जुन्या भिंतींआडचा काहीसा अंधारा मार्ग चढून वर आले की एकाएकी समोर हिरवेगार मैदान उलगडते.

आडव्या जागेचे उभे उत्तर

क्रिकेटवर वाढलेल्या भारतीय प्रेक्षकाला हा खेळ समजण्यास फार वेळ लागत नाही. दोन्ही संघांना फलंदाजीच्या नऊ-नऊ संधी मिळतात आणि तीन खेळाडू बाद झाले की एक संधी संपते. २०२३ पासून चेंडू फेकण्यास कालमर्यादा लागू झाल्यामुळे सामना साधारणपणे पावणेतीन तासांत आटोपतो. एक गोष्ट मात्र क्रिकेटप्रेमींना नवलाची वाटते. प्रेक्षकांत येऊन पडलेला चेंडू परत करावा लागत नाही, तो ज्याच्या हाती लागेल त्याचा. म्हणूनच अनेक मुले हातमोजे घालूनच सामन्याला येतात.

पाहुण्याची नजर खिळते ती डाव्या बाजूच्या हिरव्या भिंतीवर. तिचे लाडके नाव 'ग्रीन मॉन्स्टर'. तिची उंची ३७ फूट २ इंच, म्हणजे सुमारे ११.३ मीटर आहे. तिच्यामागून लॅन्सडाउन स्ट्रीट जातो. रस्त्यामुळे मैदान त्या बाजूला वाढविता येणे शक्य नव्हते, म्हणून तेथे उंच भिंत उभी राहिली. इतर मैदानांवर सीमापार गेला असता असा एखादा फटका या भिंतीवर आदळून परत येतो, तर इतरत्र सहज झेलला गेला असता असा उंच चेंडू तिच्यावरून पार होतो. जागेची अडचण हेच या मैदानाचे वैशिष्ट्य झाले. भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या धावफलकाचे आकडे अजूनही माणसे हाताने बदलतात. ही माणसे सामना चालू असताना भिंतीच्या आत बसलेली असतात.

उजव्या बाजूच्या उघड्या सज्जात हिरव्या खुर्च्यांच्या रांगांमध्ये एकच खुर्ची लाल आहे. ९ जून १९४६ रोजी टेड विल्यम्स या थोर फलंदाजाने मारलेला चेंडू तेथे बसलेल्या एका प्रेक्षकाच्या गवती टोपीवर आदळला होता. ते अंतर ५०२ फूट नोंदविले गेले. त्या फटक्याचे स्मारक म्हणून पुतळा न उभारता एक खुर्ची रंगविण्यात आली.

या मैदानात गैरसोयीही आहेत. छताखालच्या भागातील लाकडी आसने अरुंद आहेत. छताला आधार देणारे खांब काही जागांच्या अगदी समोर येतात. तिकीट घेतानाच दृश्य अंशतः अडते काय, हे पाहून घेणे पाहुण्याच्या हिताचे असते.

तारण ठेवलेले मैदान

बँकेशी संबंध असलेल्या वाचकांना या वास्तूच्या इतिहासातील एक व्यवहार विशेष वाटेल. १९१८ पर्यंत रेड सॉक्सने पाच वेळा जागतिक मालिका जिंकली होती. संघाचे तत्कालीन मालक हॅरी फ्रेझी हे नाट्यनिर्माते असून त्यांना पैशांची निकड होती. डिसेंबर १९१९ मध्ये त्यांनी बेब रूथ हा आपला सर्वांत गुणी खेळाडू न्यूयॉर्क यांकीज या प्रतिस्पर्धी संघाला एक लाख डॉलरला विकला. त्याबरोबरच यांकीजचे एक मालक जेकब रुपर्ट यांच्याकडून तीन लाख डॉलरचे कर्ज मिळविले. त्या कर्जाला तारण होते फेनवे पार्क! रूथ न्यूयॉर्कचा महानायक झाला. बोस्टनला मात्र पुढील विजेतेपदासाठी २००४ पर्यंत, म्हणजे ८६ वर्षे वाट पाहावी लागली. लोकांनी त्याला रूथचा शाप मानले. हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर तातडीच्या गरजेपोटी मिळकत देणारी मत्ता हातची घालविण्याचा तो व्यवहार होता.

जवळपास तशीच वेळ पुढे खुद्द मैदानावर आली. अपुऱ्या जागा आणि जुने बांधकाम यांमुळे १९९९ मध्ये तत्कालीन व्यवस्थापनाने शेजारीच मोठे मैदान उभारण्याची व जुन्याचा बराचसा भाग पाडण्याची योजना जाहीर केली. नागरिकांच्या एका गटाने वास्तू वाचविण्यासाठी चळवळ केली. २००२ मध्ये मालकी बदलली. नव्या मालकांनी पाडण्याऐवजी दुरुस्तीचा मार्ग धरला आणि २००५ मध्ये येथेच राहण्याचा निर्णय जाहीर केला. वास्तुतज्ज्ञ जॅनेट मरी स्मिथ यांच्या देखरेखीखाली हे काम टप्प्याटप्प्याने, खेळाच्या दोन हंगामांमधील हिवाळ्यात होत गेले. २००३ मध्ये हिरव्या भिंतीच्या माथ्यावर आसने आली. पाणी झिरपणारे काँक्रीट दुरुस्त झाले. सुमारे दहा वर्षांत जवळपास २८.५ कोटी डॉलर खर्च झाले. मे २००३ पासून एप्रिल २०१३ पर्यंत येथील सलग ८२० सामन्यांची तिकिटे पूर्ण विकली गेली. जे मैदान लहान म्हणून टाकाऊ ठरत होते, त्याचे लहानपण हेच त्याचे आकर्षण ठरले. २०१२ मध्ये, शताब्दी वर्षात, राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

नावे बाजूची नोंद

तथापि कोणताही ताळेबंद केवळ जमेच्या नोंदींनी पूर्ण होत नाही. एप्रिल १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सन आणि अन्य दोन कृष्णवर्णीय खेळाडूंची याच मैदानावर चाचणी घेण्यात आली, पण त्यांपैकी कोणालाही संघात घेतले गेले नाही. दोन वर्षांनी, १९४७ मध्ये, रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून खेळले आणि मेजर लीगमधील वर्णभेदाची भिंत कोसळली. रेड सॉक्सने मात्र पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, जुलै १९५९ मध्ये मैदानात उतरविला. मेजर लीगच्या तेव्हाच्या १६ संघांत तो सर्वांत शेवटी जागा झालेला संघ होता. त्या काळातील मालक टॉम यॉकी यांनीच १९३४ मध्ये मैदानाची मोठी पुनर्बांधणी केली होती. १९७७ मध्ये जर्सी स्ट्रीटच्या एका भागाला त्यांचे नाव देण्यात आले. २०१८ मध्ये संघाच्या आजच्या मालकांच्याच विनंतीवरून ते काढले गेले आणि रस्त्याला मूळचे नाव परत मिळाले.

आज या रस्त्याने आत जाणारा पाहुणा हा सारा वारसा एकत्रच पाहतो. आठव्या डावाच्या मध्यंतरात नील डायमंड यांचे 'स्वीट कॅरोलाइन' हे गाणे लागते आणि सदतीस हजारांच्या आसपास माणसे एका सुरात गातात. २००२ पासूनचा हा नित्यक्रम आहे. निकाल काहीही असो, त्या काही मिनिटांत परका प्रेक्षकही गर्दीचा भाग होऊन जातो. जुनी वास्तू वाचते ती केवळ भावनेच्या बळावर नव्हे. तिचे वेळेवर मूल्यमापन करावे लागते, दुरुस्तीवर खर्च करावा लागतो, तिला वापरात ठेवावे लागते आणि तिच्या इतिहासातील उणिवाही मान्य कराव्या लागतात. एके काळी तीन लाख डॉलरसाठी गहाण पडलेले हे मैदान आज ज्या आस्थेने सांभाळले जाते, ती आस्था कोणत्याही तारणपत्रात मांडता येणार नाही.