विहिरीच्या पाण्याची परीक्षा : खामकाठच्या शेतकऱ्यांसाठी



बियाणे घेताना आपण पिशवी उलटसुलट करून पाहतो, खताच्या पोत्यावरचा टक्का वाचतो, बैल घेताना त्याचे दात मोजतो. पाणी मात्र मोटर सुरू केली की आलं, एवढ्यावर आपला हिशेब संपतो. मराठवाड्यात पाणी येण्याचीच मारामार, त्यामुळे ते कसं आहे हे विचारायचं सुचत नाही. पण छत्रपती संभाजीनगरच्या खालच्या अंगाला, खाम नदीच्या काठावर ज्यांची शेती आहे, त्यांना हा प्रश्न आता टाळता येणार नाही.

आधी खामची वाट पाहू. जटवाड्याकडच्या डोंगरात ती उगम पावते. हर्सूल तलाव, मग पाणचक्कीच्या कडेने शहर, पुढे छावणी, गोलवाडी, वाळूजचा परिसर असे करत ती नाथसागराच्या फुगवट्यात गोदावरीला मिळते. जायकवाडी धरणाचा पाया १९६५ साली घातला गेला आणि १९७६ साली धरणाचे लोकार्पण झाले. त्याच नाथसागरातून शहर आपले पिण्याचे पाणी उचलते. वापरून झालेले पाणी काही शुद्ध होऊन, काही तसेच, खाममध्ये येते आणि फिरून त्याच जलाशयाच्या दिशेने निघते. या फेऱ्याच्या मधल्या टप्प्यात आपली शेतं आहेत आणि आपल्या विहिरी आहेत.

खाम ही पावसाळी नदी. दिवाळीनंतर शहराखाली पात्रात जे वाहते, त्यात झऱ्याचे पाणी थोडे आणि सांडपाणी फार. कांचनवाडीला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. २०२१ च्या सुमारास महानगरपालिकेने खामच्या पुनरुज्जीवनाचे कामही हाती घेतले, शहरातल्या काठांवरचा कचरा उचलला गेला, झाडे लागली. काम चांगलेच आहे. पण काठ स्वच्छ दिसणे वेगळे आणि पाणी परीक्षेत पास होणे वेगळे.

पुष्कळ जण म्हणतात, "आम्ही नदीचं पाणी घेतच नाही, आमची विहीर आहे." ही समजूत निम्मीच खरी. विहीर उपसली की तिच्यातली पातळी खाली जाते आणि जवळच्या पात्रातले पाणी मुरमातून, फटींतून तिच्याकडे ओढले जाते. माती गाळणीचे काम करते खरी. गाळ अडतो, वास जातो, बरेचसे जंतूही अडतात. विरघळलेले क्षार आणि नायट्रेट मात्र अडत नाहीत. म्हणून विहिरीत पाणी काचेसारखे दिसते आणि तरी ते बदललेले असते.

काही गोष्टी डोळ्यांनी आणि नाकाने कळतात. पात्रातून कुजक्या अंड्याचा वास येतो, तळाचा चिखल काळा असतो, तेव्हा त्या पाण्यातला प्राणवायू संपलेला आहे असे समजावे. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात तेही त्याच कारणाने. रात्रभर प्राणवायू खर्च होतो, सकाळी तो सगळ्यांत कमी असतो. नदी पाहायचीच असेल तर दुपारी नव्हे, दिवस उगवताना पाहावी. तळाचा एखादा दगड उलटून बघा. खाली चतुराची, टाचणीची पिल्ले असतील तर पाण्यात अजून जीव आहे. नुसत्या लाल अळ्या वळवळत असतील तर पाणी घाण आहे. आणि शेतात? सरी-वरंब्याच्या माथ्यावर पांढरा थर, पानांच्या कडा करपलेल्या, वाफ्यात पाणी तासन् तास उभे, ही खाऱ्या पाण्याची लक्षणे. पण ती दिसेपर्यंत जमीन बिघडू लागलेली असते. म्हणून पाणी तपासून घ्यावे.

नमुना कसा घ्यावा हे नीट ध्यानात ठेवा, कारण चुकीच्या नमुन्याचा अहवाल हा नसलेल्या अहवालापेक्षा वाईट. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्यावी. औषधाची, रॉकेलची, तेलाची बाटली कितीही धुतली तरी चालत नाही. मोटर दहा-पंधरा मिनिटे चालू द्यावी, म्हणजे पाइपात साचलेले पाणी निघून जाते. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळावी आणि काठोकाठ भरून घट्ट बूच लावावे. नदीचा नमुना काठाशी साचलेल्या डबक्यातून नव्हे, वाहत्या धारेतून, पृष्ठभागाच्या वीतभर खालून घ्यावा. चिठ्ठीवर नाव, गाव, गट नंबर, विहीर की बोअर, खोली, तारीख आणि कोणते पीक आहे ते लिहावे. शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत पोचवावे. नमुना वर्षातून दोनदा घ्यावा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर. मे महिन्याचा आकडा सगळ्यांत वाईट येतो आणि तोच जास्त उपयोगाचा.

अहवाल हातात आला की घडी करून कपाटात ठेवू नका. त्यातले तीन आकडे आधी पाहावेत. पहिला विद्युत वाहकतेचा, म्हणजे एकूण क्षार किती ते सांगणारा. तो पाऊण डेसी-सायमनच्या आत असेल तर बहुतेक पिकांना काळजी नाही. ०.७५ ते २.२५ च्या मध्ये असेल तर पीक पाहून, निचरा पाहून वापरावे. मोसंबी आणि घेवडा नाजूक, कपाशी बरीच सोशिक. २.२५ च्या वर गेला तर ते पाणी काळ्या भारी जमिनीत नकोच. दुसरा आकडा सोडियमचा, अहवालात त्याला एस.ए.आर. म्हणतात. तो १० च्या आत असावा. तिसरा आर.एस.सी., हा १.२५ पर्यंत सुरक्षित आणि २.५ च्या वर अयोग्य. सोडियम वाढला की आपली काळी जमीन चोपण होते. वाळली तर दगड, भिजली तर लापशी, आणि पाणी खाली उतरतच नाही. तिथे जिप्सम टाकावे लागते, पण किती ते माती तपासल्यावरच ठरवावे. शेजाऱ्याने टाकले म्हणून आपण टाकू नये.

त्याच विहिरीचे पाणी घरात पीत असाल तर पिण्याच्या पाण्याची तपासणी वेगळी करावी. तिथे नायट्रेटचा आकडा लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवा. सहा महिन्यांच्या आतल्या, बाटलीच्या दुधावर असलेल्या बाळाला जास्त नायट्रेटचे पाणी गेले तर रक्तात प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडते. इथे एक ठळक सूचना : पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून ते वाढते. अशा घरी बाळासाठी दुसरीकडचे तपासलेले पाणी आणावे. जंतूंसाठी ग्रामपंचायतीकडे क्षेत्रीय तपासणी संच असतो. त्यातल्या बाटलीत पाणी भरून ठेवले आणि एक-दोन दिवसांत ते काळे पडले, तर त्यात मैला मिसळतो आहे असे धरून चालावे.

आता थोडे कडू बोलतो, राग मानू नका. खामच्या वाहत्या सांडपाण्यावर कोथिंबीर, पालक, मुळा काढून शहरात विकणे सोपे आहे, पाणी फुकट आणि खतही फुकट. पण कोथिंबीर आपण कच्ची खातो. जंत, विषमज्वर, कावीळ तिच्याबरोबर ताटात येतात, आणि त्या वाफ्यात अनवाणी उभे राहून पहिला प्रसाद मिळतो तो शेतात काम करणाऱ्या बाईला. दुसरे पाणीच नसेल तर कच्चे न खाल्ले जाणारे पीक घ्यावे : कपाशी, बांबू, नेपियर गवत. पाणी सरीतून द्यावे, पानांवर उडवू नये. चारा कापायच्या आधी निदान दोन आठवडे हे पाणी बंद ठेवावे. पायात गमबूट, आणि जेवणाआधी साबणाने हात.

सगळे पाप शहराचेच असे मात्र नाही. फवारणीचा पंप ओढ्यात धुणारे आपणच. युरियाची सगळी मात्रा एकदम टाकून वर पाणी सोडले की तिचा काही भाग विहिरीत उतरतो. ती दोन-तीन हप्त्यांत विभागून द्यावी. उकिरडा आणि संडासाचा खड्डा विहिरीपासून किमान ५० फूट लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा.

पाणी अचानक रंगीत झाले, फेस आला, मासे मेले, तर गावात नुसती चर्चा करून उपयोग नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ सालचा आहे आणि तो राबवणाऱ्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय आपल्याच शहरात आहे. तारीख, वेळ, कोणत्या पुलाच्या किंवा नाल्याच्या वर की खाली, हे लिहून ग्रामपंचायतीच्या ठरावासह लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तुम्ही भरलेली बाटली कोर्टात पुरावा म्हणून चालेलच असे नाही. कायद्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, ठरलेल्या रीतीने घ्यावा लागतो. पण दोन-तीन वर्षांचे मे महिन्याचे आकडे वहीत ओळीने लिहिलेले असतील, आणि पुलाच्या वरची विहीर चांगली व खालची बिघडलेली असे त्यातून दिसत असेल, तर नमुना नेमका कुठे घ्यायचा हे अधिकाऱ्याला शोधत बसावे लागत नाही. पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून एकच वही ठेवली तरी चालेल, मात्र नमुने सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यावेत.