सातवी पेशी कशी ठरते?

पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणाऱ्या ड्रोसोफिला माशीचा डोळा साधारण 750 ते 800 नेत्रिकांचा बनतो. प्रत्येक नेत्रिकेत प्रकाश टिपणाऱ्या 8 पेशी असतात. आधी आठव्या क्रमांकाची घडते, सातवी सर्वांत शेवटी. ही सातवी अतिनील प्रकाश ओळखते.

सातवी कोणी व्हायचं, हे कूळ ठरवत नाही, शेजार ठरवतो. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये, सीमोर बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत, अतिनील प्रकाशाची ओढ हरवलेल्या माश्या मिळाल्या. त्यांच्या डोळ्यांत सातवी पेशीच नव्हती! त्यामागच्या बिघडलेल्या जनुकाचं नाव पडलं ‘सेव्हनलेस’.

पुढे जे उलगडलं, ते मला फार सुंदर वाटतं. आठव्या पेशीच्या पृष्ठभागावर ‘बॉस’ नावाचं प्रथिन असतं. शेजारणीवरचं सेव्हनलेस प्रथिन त्याला जुळलं, की तिच्या आत ‘रास’ हे प्रथिन कामाला लागतं आणि ‘सातवी हो’ हा निरोप केंद्रकापर्यंत पोचतो. तो मिळाला नाही, तर तीच पेशी भिंग घडवणारी होते. सेव्हनलेस प्रथिन इतरही काही पेशींवर असतं. पण आठवीला न भिडणाऱ्या पेशींना निरोप मिळत नाही. संशोधकांनी अशा पेशींत रास मुद्दाम चालू ठेवलं, तेव्हा भिंगाच्या पेशीही ‘सातव्या’ झाल्या.

माणसाच्या पेशींतही रास असंच निरोप पोचवतं. जनुकातल्या बदलामुळे ते चालूच राहिलं, तर पेशी बेसुमार वाढू लागतात. स्वादुपिंडाच्या बहुतेक कर्करोगांत असा बदल आढळतो.