जपानी मोटार आणि पुणेरी हिशेब

पुणेकर गृहस्थानें नवी मोटार दारांत आणली कीं शेजारीपाजारी तिला एक प्रदक्षिणा घालतात, रंगाविषयीं दोन बरे शब्द बोलतात आणि लगेच मुद्द्याला हात घालतात : “अ‍ॅव्हरेज किती देते?” हा प्रश्न कृपणपणाचा नव्हे. मध्यमवर्गीय कुटुंबांत घराच्या खालोखाल मोठी खरेदी बहुधा मोटारीचीच असते. आणि घर एकदां घेतलें कीं घेतलें, मोटार मात्र रोज पेट्रोल मागते. गेल्या चाळीस वर्षांत या शहरांत जपानी तंत्रावर तयार झालेल्या गाड्यांना जी लोकप्रियता लाभली, तिच्या मुळाशीं दोन गुण आहेत. गाडी सहसा वाटेंत दगा देत नाहीं, आणि थोड्या पेट्रोलवर लांबचा पल्ला गांठते. हे दोन्ही गुण खरे आहेत. परंतु ते येतात कोठून, आणि मालकाच्या पदरांत त्यांपैकीं किती पडतात, याचा विचार न करतांच पुष्कळ लोक लाख-दोन लाख रुपये अधिक मोजतात आणि मागाहून हिरमुसले होतात.

१९८३ पूर्वीं भारतीय गृहस्थापुढें निवड अशी फारशी नव्हतीच. एकीकडे अ‍ॅम्बॅसडर, दुसरीकडे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची, मुंबईंत कुर्ल्यास तयार होणारी पद्मिनी. पहिलीचा मूळ नमुना इंग्रजी, दुसरीचा इटालियन. दोन्ही आपल्या परीनें दणकट, पण मालकाच्या अंगीं अर्धा मिस्त्री असावाच लागे. मार्गशीर्षांतल्या थंड सकाळीं चोक ओढून गाडीची मनधरणी करावी, खंबाटकीचा घाट चढतांना मध्येंच थांबून रेडिएटर निवूं द्यावा, प्रवासाला निघतांना जेवणाच्या डब्यांबरोबर पाण्याचा कॅनहि घ्यावा, हें सर्व गृहीतच असे. पुण्यांतील अनेक घरांत जपानी यंत्राशीं पहिला परिचय घडला तो मात्र मोटारीमुळें नव्हे, तर स्कूटरमुळें. १९८४ सालीं स्थापन झालेल्या कायनेटिक होंडा या संयुक्त कंपनीची स्कूटर गिअर न बदलतां चाले आणि बटण दाबतांच सुरू होई. सकाळीं उठून स्कूटर आडवी करून किका मारण्याचा व्यायाम ज्यांनीं वर्षानुवर्षें केला होता, त्यांना ही गोष्ट जादूसारखी वाटली.

मोटारींत तीच जादू केली ती मारुतीनें. सरकारी कंपनीनें जपानच्या सुझुकी कंपनीच्या सहकार्यानें दिल्लीनजीक गुडगांव येथें बांधलेली पहिली मारुति ८०० १४ डिसेंबर १९८३ रोजीं ग्राहकाच्या हातीं पडली. शेवटची गाडी तयार झाली ती २०१४ सालीं. इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचें, तीन सिलिंडरांचें. वजन साडेसहाशें किलोच्या आसपास, म्हणजे अ‍ॅम्बॅसडरच्या निम्म्याहून थोडेंसेंच अधिक. या एका आंकड्यांतच काटकसरीचें अर्धें रहस्य आहे. शहरांत गाडी चालते म्हणजे काय होतें? एका चौकांत ती थांबते, पुढच्या चौकापर्यंत वेग घेते आणि तेथें ब्रेक दाबून तो सर्व वेग उष्णतेच्या रूपानें हवेंत सोडून देते. वेग देण्यासाठीं खर्चिलेली शक्ति वजनाच्या प्रमाणांत असते. टिळक रस्त्यावरून जातांना जो हा उद्योग दहा वेळां करतो, त्याची गाडी जितकी हलकी तितकें त्याचें पेट्रोल कमी वायां जातें.

जपानी लोकांना हलक्या गाडीचें महत्त्व पटलें तें कांहीं तत्त्वज्ञानामुळें नव्हे. त्या देशांत खनिज तेल जवळजवळ नाहींच. तें सर्व बाहेरून आणावें लागतें. शहरें दाट, गल्ल्या अरुंद. म्हणून १९४९ पासूनच तेथें छोट्या मोटारींचा ‘केइ’ नांवाचा निराळा वर्ग कायद्यानें ठरविण्यांत आला आणि त्यांना करांत सवलत मिळाली. मोठी मोटार घेणाराला ती ठेवण्यास जागा असल्याचा दाखला आधीं सादर करावा लागतो. छोट्या वर्गाला त्यांतूनहि पुष्कळ ठिकाणीं सूट असते. (असा दाखला पुण्याच्या पेठांत मागूं लागले तर किती मोटारी रस्त्यावर उरतील, हा प्रश्न येथें न काढलेलाच बरा.) सुझुकीची घडण याच छोट्या वर्गांत झाली. पुढें १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केली आणि कांहीं महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरांच्या आसपास होता तो बारांच्या घरांत गेला. तेव्हां अमेरिकेंतल्या लांबरुंद गाड्या एकाएकीं डोईजड झाल्या, आणि घरच्या गरजेपोटीं जपान्यांनीं जें आधींच शिकून ठेवलें होतें त्याला जगभर गिऱ्हाईक मिळालें.

हा झाला काटकसरीचा इतिहास. विश्वासार्हतेची गोष्ट अधिक मनोरंजक आहे, आणि ती मोटारीपासून नव्हे, मागापासून सुरू होते. सुझुकी कंपनीचा उगम १९०९ सालीं मिचिओ सुझुकी यांनीं हामामात्सु येथें काढलेल्या मागांच्या कारखान्यांत आहे. टोयोटा घराण्याचे मूळपुरुष साकिची टोयोदा हेहि मागच बनवीत. त्यांच्या स्वयंचलित मागाची मौज अशी होती कीं, ताण्याचा एक धागा तुटला तरी माग आपोआप थांबे. साध्या यंत्रमागांत धागा तुटल्याचें कामगाराच्या लक्षांत येईपर्यंत हातभर सदोष कापड विणून झालेलें असे. येथें दोष जन्मतांच काम बंद. हा माग १९२४ सालीं परिपूर्ण झाला, १९२९ सालीं त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीनें विकत घेतले, आणि त्याच सुमारास साकिचींचे पुत्र किइचिरो मोटारींच्या मागें लागले. मोटारीच्या कारखान्यांतहि पुढें तोच नियम रुजला. जुळणीच्या रांगेंतील साध्या कामगारालाहि चूक दिसतांच दोरी ओढून रांग थांबविण्याचा अधिकार असतो. दोष पुढें ढकलून शेवटीं दुरुस्त करण्यापेक्षां तो उगमापाशींच शोधावा आणि पुन्हां होणार नाहीं अशी तजवीज करावी, हें त्याचें सार. १९५० सालीं अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनीं जपानांत दिलेल्या व्याख्यानांनीं या वृत्तीला गणिताची जोड दिली.

या कथेंत मराठी माणसाचाहि एक धागा आहे. १९१० सालीं किर्लोस्करवाडीला नांगरांच्या कारखान्यानें ज्या उद्योगाची वसाहत उभी राहिली, त्याच किर्लोस्कर घराण्यानें टोयोटाशीं हात मिळविला तो प्रथम वस्त्रोद्योगाच्या यंत्रांसाठीं, १९९५ सालीं. मोटारींची टोयोटा किर्लोस्कर कंपनी त्यानंतर १९९७ त कर्नाटकांत बिदडी येथें निघाली. तेथून २००० सालीं आलेली क्वालिस आणि २००५ सालीं आलेली इनोव्हा या गाड्या पुणें-मुंबई भाड्याच्या वाहतुकींत इतक्या रुळल्या कीं, ज्यांना मोटारीचें नांवगांव ठाऊक नसतें तेहि ‘इनोव्हा सांगा’ म्हणूं लागले. भाड्याच्या गाडीवाल्याचें मत कोणत्याहि जाहिरातीहून मोलाचें. कारण गाडी एक दिवस बंद राहिली तर त्याची एक दिवसाची कमाई बुडते.

तथापि हलकेपणाची किंमतहि कोठें तरी द्यावीच लागते. २०१४ सालीं ग्लोबल एन-कॅप या संस्थेनें भारतांत खपणाऱ्या पांच लहान गाड्या टक्करीच्या चाचणीस लावल्या, तेव्हां पांचहि गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणाबद्दल शून्य तारे मिळाले. त्यांत जपानी, युरोपीय, कोरियन, अमेरिकन आणि देशी अशी सरमिसळ होती; म्हणजे दोष एका देशाचा नव्हता, स्वस्त आणि हलकी गाडी मागणाऱ्या बाजाराचा होता. पुढें कायदा कडक झाला, गिऱ्हाईकहि जागें झालें, आणि २०२४ सालीं मारुतीच्या डिझायरनें त्याच संस्थेचे पांच तारे मिळविले. मुलांना घेऊन द्रुतगति मार्गावरून जाणाऱ्या गृहस्थानें ‘अ‍ॅव्हरेज’च्या आधीं हे तारे विचारावेत.

आतां त्या ‘अ‍ॅव्हरेज’कडे वळावयास हरकत नाहीं. कंपन्या जो आंकडा छापतात तो लोकांच्या तोंडीं ‘एआरएआय’चा आंकडा म्हणून रूढ आहे, आणि ही संस्था पुणेकरांच्या अंगणांतच आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया १९६६ सालीं स्थापन झाली. वेताळ टेकडीवर फिरावयास जाणारे तिच्या कुंपणाजवळून रोज जातात. चाचणी मानेसर येथील संस्थेंतहि होते, पण नांव झालें तें पुण्याचें. ही चाचणी रस्त्यावर होत नाहीं. गाडीचीं चाकें मोठ्या रुळांवर ठेवून ती जागच्या जागीं पळविली जाते. केव्हां थांबावें, किती वेग घ्यावा, हें सेकंदासेकंदाला ठरलेलें असतें. सगळा प्रयोग ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांहून किंचित् कमी. अंतर सुमारें अकरा किलोमीटर. कमाल वेग ताशीं ९०. पेट्रोलहि मापानें मोजीत नाहींत. नळींतून निघणारा धूर पिशव्यांत धरतात आणि त्यांतील कार्बनवरून किती इंधन जळालें तें काढतात. कारण एक लिटर पेट्रोल जळालें कीं सुमारें २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, हें ठरलेलें आहे.

ही रीति अप्रामाणिक मुळींच नाहीं. दोन गाड्यांची तुलना करावयाची तर दोघींची परीक्षा एकाच प्रश्नपत्रिकेवर झाली पाहिजे, एवढाच तिचा हेतु. पण त्या प्रश्नपत्रिकेंत वातानुकूलन बंद असतें, खड्डे नसतात, विद्यापीठाच्या चौकांतली रांग नसते आणि कात्रजचा चढ तर नसतोच. चढाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच. माणसांसह बाराशें किलो भरणारी गाडी मुंबईहून येथवर आणावयाची म्हणजे केवळ उंची गांठण्यासाठींच सुमारें पाऊण लिटर पेट्रोल जादा लागतें. म्हणूनच मुंबईस जातांना खूष असलेला मालक परततांना गाडीवर चिडतो. दोष गाडीचा नसतो, बोरघाटाचा असतो.

दुसरें कारण अधिक घरगुती आहे. सदाशिव पेठेंतून मंडईपर्यंत जाऊन भाजी आणणाऱ्या गाडीचें इंजिन धड तापतच नाहीं, आणि थंड इंजिन अधिक पेट्रोल पितें. शिवाय २०२५ पर्यंत पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचें धोरण अंमलांत आलें. उसाशीं महाराष्ट्राचें नातें पाहतां त्याचें येथें स्वागत झालें यांत नवल नाहीं. परंतु इथेनॉलच्या लिटरांत पेट्रोलच्या सुमारें दोनतृतीयांशच उष्णता असते, म्हणून अशा मिश्रणांत शुद्ध पेट्रोलच्या मानानें सहा-सात टक्के उष्णता कमी भरते. तेवढा पल्ला घटणारच.

खरा आंकडा हवा असेल तर घरींच काढावा. एकाच पंपावर नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, किलोमीटरचा आंकडा टिपून ठेवावा, पुन्हां तशीच भरावी, आणि मधलें अंतर दुसऱ्या वेळच्या लिटरांनीं भागावें. एका टाकीवरून कांहींच ठरत नाहीं. पांच-सहा टाक्यांची बेरीज करून भागाकार केला तर तो विश्वासास पात्र ठरतो. गाडींतल्या पडद्यावर झळकणारा आंकडा पुष्कळदां याहून गोड असतो.

‘लिटरमागें किलोमीटर’ या मापांतहि एक फसवणूक दडलेली आहे. हजार किलोमीटरच्या प्रवासांत दहाची गाडी शंभर लिटर पिते, पंधराची सुमारें सदुसष्ट; वांचले तेहतीस. वीसची गाडी पन्नास लिटर पिते, पंचविसाची चाळीस. वांचले अवघे दहा. वाढ दोन्हीकडे पांचाचीच. युरोपांत शंभर किलोमीटरला किती लिटर, असें उलट विचारतात. गृहिणीच्या जमाखर्चाला तीच रीति सोयीची.

हायब्रिड मोटारीचा मोह याच हिशेबानें तपासावा. १९९७ सालीं टोयोटानें जपानांत प्रियस ही गाडी काढली, तेव्हांपासून या जातीचा मान जपानकडे आहे. ब्रेक दाबतांना वायां जाणारा वेग येथें विजेच्या रूपानें बॅटरींत सांठवितात, आणि सिग्नलला इंजिन चक्क झोपी जातें. मारुतीच्या ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिड प्रकाराला २०२२ सालीं लिटरमागें २७.९७ किलोमीटरचें प्रमाणपत्र मिळालें. चौकाचौकांत थांबणाऱ्या शहरांत ही योजना खरोखर गुणकारी आहे. तरी समजा, साधी गाडी प्रत्यक्षांत चौदा देते आणि हायब्रिड एकवीस. पेट्रोलचा भाव सोयीसाठीं शंभर रुपये आणि किंमतींतला फरक दोन लाख धरूं. महिन्याला पांचशें किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाला सुमारें चौदा हजार वांचतात. दोन लाख वसूल व्हावयास चौदा वर्षें लागतील. रोज हिंजवडीला जाऊन येणारा महिन्याला पंधराशें किलोमीटर करीत असेल, तर पांच वर्षांच्या आंतच तो फायद्यांत येतो. गाडी तीच, हिशेब मात्र ज्याचा त्यानें करावयाचा.

बॅटरीविषयीं मात्र विनाकारण धास्ती घेतली जाते. टोयोटा, मारुति आणि होंडा यांनीं आपल्या हायब्रिड बॅटरीला आठ वर्षें किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर, जें आधीं होईल तें, अशी हमी दिलेली आहे. तिचा खरा शत्रु म्हणजे उष्णता. अशा अनेक गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्यासाठीं प्रवाशांच्या बाजूनेंच हवा ओढली जाते, आणि त्यासाठीं आसनाजवळ एक लहानशी जाळी बसविलेली असते. पुण्याच्या धुळीनें ती बुजते. कोंकणांत निघतांना तर तिच्यावर पिशव्या आणि गोधड्या रचल्या जातात. जाळी नेमकी कोठें आहे आणि ती केव्हां साफ करावी, हें गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत लिहिलेलें असतें. आणि ती पुस्तिका बहुतेक घरांत प्लॅस्टिकच्या वेष्टनांतून अद्याप बाहेर आलेली नसते.