राजवाड्यात गंजिफा, ताटात तिखलं!

मालवणचा किल्ला, तारकर्ली, स्कुबा, एक मस्त ग्रुप फोटो... बहुतेकांची सिंधुदुर्ग ट्रिप इथेच संपते. पुढच्या वेळी एक दिवस सावंतवाडीसाठी काढा. गावाच्या मध्यावर मोती तलाव आणि त्याच्यासमोर तांबड्या जांभ्या दगडाचा राजवाडा. तिसरे खेम सावंत यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळात तो उभा राहिला. आता आवारात गंजिफाच्या चित्रांनी सजवलेलं छोटं हॉटेलही आहे.

पण खरी गंमत दरबार हॉलमध्ये. सिंहासन, जुने फोटो बघता बघता नजर जाते ती खाली मान घालून गोल चकत्या रंगवणाऱ्या कारागिरांकडे. हीच गंजिफा! पत्त्यांचा हा खेळ मुघलांच्या काळात भारतात रुजला. आपल्या लोकांनी त्याला दशावतार दिले. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, असा १२० पानांचा जोड. मत्स्याच्या पानांवर मासा, कूर्माच्या पानांवर कासव. कापडावर चिंचोक्याची खळ चढवून पानं करायची, ही जुनी रीत.

छापील पत्ते आले आणि ही कला संपत आली. स्वातंत्र्यानंतर राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी वयोवृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली, तरुणांना शिकवली आणि कामाला थेट राजवाड्यात जागा दिली. जुन्या वास्तूंना रंग बरेच जण देतात. इथे वास्तूला काम मिळालं, म्हणून ती जिवंत वाटते.

चित्रं वाचली, पण खेळाचं काय? बहुतेक जोड फ्रेममध्ये नाहीतर गिफ्ट बॉक्समध्ये जातात. खरं तर खेळायला तिघं पुरेत. दिवसा डाव रामाच्या पानांनी सुरू करायचा, रात्री कृष्णाच्या! तेव्हा सेट घेणार असाल तर नियमही विचारून घ्या. बजेट कमी असेल तर चितारआळीत लाकडी फळं, खेळणी आहेतच.

एवढं फिरल्यावर पोटात कावळे ओरडणारच. एखाद्या घरगुती खानावळीत शिरा. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, गरम भात आणि वर सोलकढी. विषय संपला! चिकनवाल्यांना कोंबडी-वडे. शाकाहारी मंडळींनी तोंड पाडू नये. काळ्या वाटाण्याचं सांबार आहे, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर गेलात तर ओल्या काजूंची उसळ.

शिरवाळे मात्र सहसा मेन्यू कार्डावर दिसत नाहीत. तांदळाच्या ताज्या शेवया, सोबत गूळ घातलेला नारळाचा रस. साच्यातून शेवया पाडायला हातात जोर लागतो, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा. गिऱ्हाईक पनीर मागतं, म्हणून पनीर शिजतं. शिरवाळे मागणारे वाढले, तर तेही रोज शिजतील. गंजिफाचंही तसंच आहे.

जाता जाता : सावंतवाडी रोड स्टेशन गावापासून थोडं लांब आहे, तिथून रिक्षा करावी लागते. राजवाडा बघण्याच्या वेळा आधी विचारून घ्या. आणि कारागिरांचे फोटो काढण्याआधी त्यांना विचारा, बरं का!