कलादालनातील जीव आणि प्रेक्षकाची अनुमोदना

डेन्मार्कमधील कोल्डिंग शहरात ट्रॅफोल्ट नावाचे कलासंग्रहालय आहे. २००० साली तेथे एका टेबलावर दहा मिक्सर मांडण्यात आले. प्रत्येक भांड्यात पाणी होते आणि त्या पाण्यात एक जिवंत गोल्डफिश पोहत होता. मिक्सरांना विजेची जोडणी दिलेली होती. चिलीत जन्मलेले व डेन्मार्कमध्ये काम करणारे कलावंत मार्को एव्हारिस्ती यांची ही कलाकृती, नाव ‘हेलेना’. बटण दाबायचे की नाही, हे प्रेक्षकाने ठरवायचे होते. कुणीतरी ते दाबले आणि मासे मेले. संग्रहालयाच्या संचालकांना प्राण्यांशी क्रूरतेबद्दल दंड ठोठावण्यात आला. त्यांनी तो भरण्यास नकार दिला. मासे क्षणार्धात मेले, त्यांना यातना भोगाव्या लागल्या नाहीत, असे मानून २००३ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले.

वेदना किती काळ झाली, एवढेच त्या न्यायालयाने पाहिले. जैन दर्शनाचे मोजमाप याहून सूक्ष्म आहे. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि होताना पाहून मान्य केलेले, अशा तीन अंगांनी आपल्याकडे हिंसेचा विचार होतो. तोही मन, वचन आणि काया या तिन्ही पातळ्यांवर. या दृष्टीने पाहिले तर बटण दाबणारा एकटा दोषी ठरत नाही. मिक्सरला वीज जोडून देणाऱ्याकडे कारिताचा वाटा जातो. आणि तिकीट काढून, पुढे काय होते या उत्सुकतेने भोवती उभे राहणाऱ्यांचे काय? आजच्या कलाप्रदर्शनांसंबंधी श्रावकाने स्वतःला विचारावा असा प्रश्न हाच आहे.

हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. व्यापारानिमित्त वा मुलांच्या शिक्षणानिमित्त लंडन-न्यूयॉर्कला जाणारी कुटुंबे तेथील मोठी संग्रहालये आवर्जून पाहतात. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २०१२ साली डेमियन हर्स्ट यांचे मोठे प्रदर्शन भरले होते. फॉर्माल्डिहाइडच्या द्रावणात ठेवलेल्या शार्क माशामुळे हे कलावंत जगभर प्रसिद्ध झाले. या प्रदर्शनातील एका बंद दालनात जिवंत फुलपाखरे सोडलेली होती. सुमारे २३ आठवड्यांत तेथे नऊ हजारांहून अधिक फुलपाखरे मेली आणि मेलेल्यांच्या जागी सतत नवी आणली गेली. फुलपाखरांना मारावे, असा कुणाचाही संकल्प नव्हता. परंतु ती मरणार हे आधीपासून ठाऊक होते आणि त्या हिशेबानेच पुरवठा ठरलेला होता. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी या हिंसेच्या चार प्रकारांत गृहस्थाला काही बाबतींत सवलत आहे, कारण घर आणि व्यवसाय चालवताना काही हिंसा अटळ असते. चतुरिंद्रिय जीवांचा असा नाश त्या अटळपणात बसतो का?

विरोधाचीही मर्यादा

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात ऑक्टोबर २०१७ मध्ये १९८९ नंतरच्या चिनी कलेचे प्रदर्शन उघडायचे होते. त्यातील तीन कलाकृतींवर उद्घाटनापूर्वीच वादळ उठले. एका चित्रफितीत ट्रेडमिलवर बांधलेले कुत्रे समोरासमोर धावत होते, तरी एकमेकांना शिवू शकत नव्हते. दुसरीत अंगावर अक्षरे छापलेली डुकरे होती. तिसरी कलाकृती हुआंग योंग पिंग यांची. एका जाळीदार पिंजऱ्यात किडे आणि सरपटणारे प्राणी एकत्र सोडायचे आणि त्यांनी एकमेकांना खायचे, अशी तिची रचना. विरोधाच्या ऑनलाइन निवेदनावर पाच लाखांहून अधिक सह्या झाल्या. संग्रहालयाने तिन्ही कलाकृती मागे घेतल्या आणि पिंजरा रिकामाच मांडला.

जीवदयेचा विजय म्हणून या घटनेकडे पाहता येईल. मात्र माघार घेताना संग्रहालयाने दिलेले कारण वेगळे होते: हिंसेच्या धमक्या येत असल्याने कर्मचारी, प्रेक्षक आणि कलावंत यांच्या सुरक्षिततेची चिंता. जीव वाचवण्यासाठी माणसाला धमकावणे ही वचनाची हिंसाच होय. सह्या करणारे लाखो लोक आणि धमक्या देणारे मूठभर यांत भेद केलाच पाहिजे.

अनेकांताचा आग्रह धरणाऱ्याने कलावंताची बाजूही ऐकून घ्यायला हवी. याच एव्हारिस्ती यांनी २०२५ साली कोपनहेगनमध्ये तीन डुकराची पिले पिंजऱ्यात ठेवली आणि त्यांना अन्न न देता मरू देण्याचे जाहीर केले. डेन्मार्कच्या वराहपालन उद्योगात असंख्य पिले रोज मरतात, त्याकडे कुणी बघत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. प्रदर्शन सुरू झाल्यावर लगेचच कार्यकर्त्यांनी ती पिले तेथून पळवली. एव्हारिस्ती यांचा आरोप खोटा नाही. तीन पिलांसाठी हळहळणाऱ्या समाजातील पुष्कळांच्या ताटात रोज डुकराचे मांस असते. हे मान्य करूनही, एका जीवाची उपासमार हे दुसऱ्याला जागे करण्याचे साधन ठरत नाही. साध्य कितीही चांगले असले तरी साधनाचा दोष उरतोच.

जगाच्या कलेतील दुसरी वाट

आजची सगळीच कला अशी नाही. जर्मन कलावंत वोल्फगांग लाइब यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण पूर्ण केल्यावर कलेचा मार्ग धरला. दक्षिण जर्मनीतील आपल्या गावाभोवती ते वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने परागकण गोळा करतात. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांनी हेझलनट झाडांचे पराग चाळून सुमारे १८ बाय २१ फुटांचा पिवळाधमक चौकोन साकारला. पांढऱ्या संगमरवरी शिळेवर किंचित खोलगट भाग करून त्यात काठोकाठ दूध भरायचे, अशी त्यांची दुसरी प्रसिद्ध कलाकृती १९७५ पासूनची. हे दूध रोज काढून शिळा स्वच्छ करावी लागते आणि पुन्हा भरावी लागते. अभिषेक पाहत वाढलेल्या मनाला ही शिळा परकी वाटणार नाही. तरी लाइब मधमाश्यांचे मेणही वापरतात, हे विसरता येत नाही. पोळ्याविषयी आपली भूमिका कडक आहे. तेव्हा येथेही विवेक जागा ठेवावाच लागतो.

जर्मनीतीलच कासल शहरात दर काही वर्षांनी ‘डॉक्युमेंटा’ हे समकालीन कलेचे महाप्रदर्शन भरते. जोसेफ बॉइस यांनी १९८२ साली तेथे सात हजार झाडे लावण्याचा संकल्प सोडला. प्रत्येक झाडाशेजारी बेसाल्ट दगडाचा एक खांब उभा करायचा होता. १९८६ मध्ये बॉइस यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाने शेवटचे झाड लावले. आज ती झाडे शहराला सावली देत आहेत. तेथे तिकीट नाही आणि दालनही नाही.

भिंतीवरचे चित्र

प्रदर्शने परदेशात भरतात. चित्रे मात्र आपल्या दुकानात आणि दिवाणखान्यातही लागतात. चित्रात काय दिसते हे सगळे पाहतात, ते कशाने बनले हे क्वचितच विचारले जाते. जुन्या पद्धतीच्या तैलचित्राचा कॅनव्हास तयार करताना सशाच्या कातड्याचा सरस लावतात. ‘बोन ब्लॅक’ हा काळा रंग हाडे जाळून मिळतो. कार्माइन हा लाल रंग कोचिनियल किड्यांपासून, तर अस्सल सेपिया समुद्रातील एका जीवाच्या शाईपासून. भारतीय लघुचित्रांचे बारीक कुंचले परंपरेने खारीच्या केसांचे असत. मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांना तर आपल्या देशात कायद्याचीच आडकाठी आहे, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मुंगूस संरक्षित प्राणी आहे. या बहुतेक वस्तूंना आता कृत्रिम पर्याय सहज मिळतात: ॲक्रिलिक अस्तर, नायलॉनचे कुंचले, खनिज वा रासायनिक रंग.

वरखाच्या बाबतीत हा अनुभव समाजाने घेतलेला आहे. चांदीचा पत्रा जनावराच्या आतड्याच्या वा कातड्याच्या पानांत ठेवून कुटला जातो, हे कळल्यावर अनेक घरांनी वरखाची मिठाई बंद केली आणि दुकानदाराला प्रश्न विचारू लागली. यंत्रावर तयार झालेला वरख आज बाजारात मिळतो तो अशा ग्राहकांमुळे. चित्र विकत घेताना, चित्रकाराला काम सांगताना किंवा एखाद्या प्रदर्शनाला देणगी देताना तोच प्रश्न शांतपणे विचारता येतो: कॅनव्हासला काय लावले, कुंचला कशाचा, मांडणीत जीव आहे का? आणि परदेशातील दालनाच्या दाराशी मुलांसह उभे असताना, आत जिवंत प्राणी मांडला आहे असे कळले, तर पुढच्या दालनाकडे वळणेही श्रावकाच्या हातात असते. त्याचे कारण मुलांना तिथेच समजावून सांगावे.