भाताच्या फुलांतील परागकोश

कर्जत व खालापूर या दोन्ही तालुक्यांत भात हेंच मुख्य पीक. महसूल खात्याच्या नोकरींत आम्हीं पिकाच्या रकान्यांत 'भात' हा शब्द असंख्य वेळां लिहिला. परंतु भाताचें फूल कधीं निरखून पाहिलें नाहीं. निवृत्तीनंतर घरची शेती पाहूं लागलों, तेव्हां एका नुकसानीनें तें पाहावयास लाविलें.

कर्जतच्या भात संशोधन केंद्रांत तयार झालेला 'सह्याद्री' हा संकरित वाण १९९८ सालीं प्रसृत झाला. त्याचें भरघोस पीक पाहून आम्हीं त्यांतलेंच बी राखिलें. पुढील सालीं शेत एकसारखें आलें नाहीं. कांहीं रोपें उंच, कांहीं ठेंगणीं, आणि कित्येक लोंब्यांत पळिंजच फार. दोष वाणाचा नव्हे, आमच्या अज्ञानाचा होता.

भाताच्या प्रत्येक फुलांत ६ पुंकेसर असतात. प्रत्येकाच्या टोकास परागकोश, व त्यांत ४ कप्पे. पीक पोटरींत असतां कप्प्यांतील प्रत्येक मातृपेशी दोनदां विभागून ४ पेशी होतात. त्यांचेच पुढें परागकण बनतात. कप्प्याच्या आंतील पोषक थर त्यांस अन्न पुरवितो व अखेरीस स्वतः विरून जातो. या दिवसांत पाण्याचा ताण पडल्यास पराग वांझ होतात. लोंबी निसवल्यावर सकाळीं ९ ते ११ च्या सुमारास फूल उघडतें व कोश फुटतात. पराग कांहीं मिनिटेंच सजीव असतात आणि बहुधा आपल्याच फुलावर पडतात.

म्हणूनच भाताचा संकर अवघड. १९७० सालीं चीनमधील हैनान बेटावर वांझ परागाचें रानटी भात सांपडलें. त्यावरून मादी वाण सिद्ध झाले. 'सह्याद्री'ची मादीही त्याच कुळींतील. तिच्या कोशांत सजीव पराग नसतो. शेजारच्या नर वाणाचा पराग दोरीनें वा काठीनें हालवून तिच्यावर पाडतात. पराग पुन्हां सजीव करण्याचा गुण नराकडून संकरित पिकांत येतो. त्या पिकाचें बी पेरल्यास तो गुण सर्व रोपांस सारखा मिळत नाहीं. ज्यांस मिळत नाहीं त्यांच्या लोंब्या पळिंज राहतात.

तेव्हां संकरित बी दरसाल नवें घ्यावें. घरचें बी राखावयाचें असल्यास 'कर्जत-३', 'कर्जत-७' यांसारख्या सरळ वाणांचें राखावें. पोटरीच्या वेळीं खाचरांत पाणी टिकवावें. आमचा तोटा वाचकांच्या वांट्यास न यावा, एवढाच हेतु.