सिस्टरांचे शिक्षण कधी संपते?

परिचारिकेचा अभ्यासक्रम पूर्ण झाला, नोंदणी झाली, की शिक्षण संपले असा सर्वसाधारण समज आहे. माझाही तसाच होता. एका सिस्टरांनी तो दूर केला.

पावसाळ्याचे दिवस होते. दीड वर्षाचे बाळ जुलाबाने मलूल होऊन दवाखान्यात आले. मी जलसंजीवनी आणि झिंकच्या गोळ्या लिहून दिल्या. "जुलाब थांबले की गोळ्या बंद करा," असे आईला सांगितले. सिस्टर हळूच म्हणाल्या, "सर, जुलाब थांबले तरी झिंक चौदा दिवस द्यायचं असतं." त्या नुकत्याच प्रशिक्षणाहून आल्या होत्या. मी खात्री करून घेतली. चूक माझीच होती. आईला परत बोलावून नीट सांगितले.

आमच्या कॉलेजच्या काळात जुलाबाच्या उपचारात झिंक नव्हते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ साली त्याची शिफारस केली. झिंकमुळे आतड्याचे अस्तर भरून येते आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते. म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. जलसंजीवनीही बदलली. पूर्वी एक लिटर पाण्यामागे साडेतीन ग्रॅम मीठ व वीस ग्रॅम ग्लुकोज असे. २००२ पासून हे प्रमाण २.६ व १३.५ ग्रॅम झाले. त्यामुळे उलट्या कमी होतात, सलाईनची गरजही कमी पडते.

डॉक्टर पुडी लिहून देतो, पण ती कशी कालवायची हे आईला समजावतात त्या सिस्टर. लिटरभर पाण्याची पुडी पेलाभर पाण्यात कालवली, तर शरीरात मीठ वाढून बाळाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून सिस्टरांचे ज्ञान ताजे असणे ही चैन नव्हे, गरज आहे.

खाजगी दवाखान्यांच्या चालकांना माझी विनंती, सिस्टरांना प्रशिक्षणासाठी रजा द्या आणि ती पगारी द्या. त्या परतल्या की काय शिकलात ते विचारा. वाचकहो, सिस्टर काही सांगत असतील तर घाई न करता ऐका. पाणी किती, गोळी किती दिवस, हे न लाजता विचारा.

ते बाळ बरे झाले. माझी उजळणीही झाली.